एक गुंज समरकंद

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारायच्या आधी माझी बॅग उचलून काट्यावर ठेवली. दाराच्या मागेच एक मोठा लोखंडी काटा होता, पूर्वी धान्याच्या दुकानात असायचा तसा.

"अकरा किलो दोनशे," ते म्हणाले. "म्हणजे राहायलाच आलीस. नुसती खोली बघायला आलेली माणसं एवढं ओझं आणत नाहीत."

मी खरंच राहायला आले होते. परभणीच्या बसमधून उतरून सरळ संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात, खोली मिळाली नाही तर कुठं जायचं याचा काहीच विचार न करता.

"कुठली तू?"

"परभणीची."

"बरं. परभणी, जिना बाहेरून आहे. तिसरी पायरी हलते, तिच्यावर पाय देऊ नकोस."

त्यानंतर चार वर्षं मी त्यांच्या घरात राहिले आणि त्या चार वर्षांत त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. मी परभणी. दूधवाला गंगापूर. भाजीवाले चाचा पैठण. शेजारी राहणाऱ्या बँकेतल्या बाईंचं माहेर कन्नडचं, म्हणून त्या कन्नड. यात हेटाळणी नव्हती, यामागे इतिहास होता. पण तो पुढं सांगते, कारण घरमालकांचा, म्हणजे काकांचा, इतिहास एकदा सुरू झाला की स्वयंपाक राहून जायचा हे मला अनुभवानं ठाऊक आहे.

काका वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षं मराठवाड्यातल्या बाजारांमधून काटे तपासत आणि वजनांवर शिक्के मारत हिंडलेले. खातं सुटलं, काटा काही सुटला नाही. घरात लहानमोठे सात काटे होते. आलेलं पत्र वजन केल्याशिवाय फोडायचे नाहीत. मी पोळी दिली की तीही काट्यावर जायची. "परभणी, कालच्यापेक्षा चार ग्रॅम हलकी आहे. कंटाळा आला होता का?" आणि लाज वाटायची, कारण कंटाळा आलेलाच असायचा.

गारखेड्याच्या भाजीबाजारात ते शिरले की निम्मे हातगाडीवाले पाठ फिरवत. ते कुणाची तक्रार करत नसत, दंड करायचा अधिकार तर कधीच गेला होता. पण ते खिशातून स्वतःचं पितळी वजन काढून समोरच्याच्या काट्यावर ठेवत आणि मान तिरकी करून बघत राहत. एकदा पैठणचे चाचा हात जोडून म्हणाले, "काका, तुम भाजी फुकट ले जाव, पर काटे को हात नक्को लगाव!" काकांना याचा इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी गरज नसताना दोन किलो वांगी घेतली. ती आम्ही चार दिवस खाल्ली.

व्यापाऱ्यांवर त्यांचा राग असेल असं मला आधी वाटलं होतं. उलट प्रेमच होतं. जेवताना ताटाकडं बोट दाखवून विचारायचे, "मिरची कुठली? बटाटा कुठला? टोमॅटो कुठला? शेंगदाणा कुठला?" मी म्हणायचे, "पैठणच्या चाचांकडचा." ते कपाळाला हात लावायचे. "अगं, अर्धं ताट गलबतातून आलंय. राजे लोक नुसते भांडले. माणसांना माणसं दाखवली ती व्यापाऱ्यानं."

आणि मग सोग्दी यायचे.

मी आल्यावर आठवड्याभरातच, कपडे वाळत घालत असताना, त्यांनी खालून विचारलं, "परभणी, सोग्दी ठाऊक आहेत का?" मला वाटलं एखादं घराणं असेल, स्थळाबिळाची चौकशी असेल. म्हटलं, "नाही हो काका, आमच्या ओळखीत कुणी नाहीत." ते पुढं तीन दिवस हसत होते.

सोग्दी म्हणजे समरकंद आणि बुखाऱ्याकडचे जुने व्यापारी. कुठल्याशा मासिकात काकांनी त्यांच्याविषयी वाचलं आणि तेव्हापासून हा माणूस त्यांच्या मागं लागला. हे लोक चीनचं रेशीम पश्चिमेला न्यायचे, पश्चिमेची चांदी आणि काच चीनला न्यायचे, सिंधूच्या वरच्या खोऱ्यात खडकांवर स्वतःची नावं कोरून जायचे. त्यांचं साम्राज्य असं नव्हतंच. पण वाटेवरच्या बाजारांतून त्यांची भाषा चालायची. चीनमध्ये स्थायिक झाले तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना गावावरून आडनावं दिली: समरकंदच्याचं एक, बुखाऱ्याच्याचं दुसरं. "गाव विचारलं की माणसाचा रस्ता कळतो," काका म्हणायचे. म्हणून मी परभणी.

चिनी लोक म्हणे या सोग्द्यांबद्दल सांगत की मूल जन्मलं की ते त्याच्या जिभेला मध लावतात आणि तळव्याला डिंक. बोलणं गोड व्हावं आणि हातात आलेला पैसा चिकटून राहावा म्हणून. हे काकांना फार आवडायचं, कारण मध तर आपणही चाटवतो. "बघ, अर्धी चाल आपल्याकडं आहे. डिंक तेवढा वाटेत सांडला." एवढ्यावर थांबले असते तर ते काका कसले? कन्नडबाईंच्या नातवाच्या बारशाला ते एका हातात मधाची बाटली आणि दुसऱ्या हातात स्टेशनरीच्या दुकानातली डिंकाची बाटली घेऊन गेले. मध बायकांनी चालवून घेतला. डिंकाचं बूच उघडलं तेव्हा बाळाच्या पणजीनं त्यांना जिन्यापर्यंत पिटाळलं. "म्हातारा येडा झाला व्हय!" हे मी माडीवरून ऐकलं. काका परत आले ते स्वतःच्याच तळव्याला डिंक लागलेले, आणि दाराची कडी त्यांच्या हाताला चिकटली होती. मी इतकी हसले की तिसऱ्या पायरीवर पाय पडला.

काकू मी यायच्या आधी सहा वर्षं गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. काकूंच्या मागं राहिली ती त्यांचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली स्टीलची भांडी. त्यातल्या एका वाटीत काका कधी चटणी, कधी पेरूच्या फोडी घालून वर पाठवायचे. आपल्याकडं रिकामी वाटी परत देत नाहीत हे मला आईनं शिकवलेलं होतं, म्हणून मी त्यात काहीतरी घालून खाली द्यायचे. मग ती पुन्हा भरून वर. ती वाटी चार वर्षं त्या जिन्यावरून वरखाली करत होती. काका म्हणायचे, "सोग्दी वेगळं काय करत होते? जाताना भरलेले, येताना भरलेले. रिकामा उंट त्यांनी चालवलाच नाही." माझ्या शेंगदाण्याच्या लाडवांना उंटाचा मान मिळाला म्हणून मीही खूश असायचे.

आता नाण्याबद्दल.

मी राहायला येण्याच्या दोनच वर्षं आधीची गोष्ट. काका काळीपिवळी जीपमधून दौलताबादहून परत येत होते. पडेगावच्या अलीकडं शेळ्या आडव्या आल्या आणि गाडी थांबली. पुढच्या शेळीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं काहीतरी हिरवट गोल लोंबत होतं. मधे चौकोनी भोक, मासिकातल्या सोग्दी नाण्याच्या चित्रात होतं तसं. काका उडी मारूनच उतरले. शेळ्यांमागच्या म्हातारीला वाटलं गिऱ्हाईक आलं.

"शेळी नाय द्यायची," ती म्हणाली.

"शेळी नको. गळ्यातलं द्या."

"त्ये दिष्टीचं हाय. माझ्या सासऱ्याला मेंढवाड्याचा खांब रोवताना मातीत घावलं व्हतं. त्ये कसं द्यावं?"

काका घरी आले, काकूंच्या देवघरातली पितळी घंटी घेतली आणि त्याच दिवशी परत पडेगावला गेले. म्हातारीनं घंटी वाजवून बघितली, शेळीच्या गळ्यात बांधून बघितली, तिला दोन पावलं चालवून बघितली, आणि मगच दोरा तोडला. काका म्हणायचे की असा चोख सौदा त्यांनी पस्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता.

नाणं काशाचं होतं. चौकोनी भोक चिनी नाण्यासारखं, दोरीत ओवायला. एका बाजूला समरकंदच्या राजाची खूण, आणि शेजारी वळणावळणाची अक्षरं; ती लिपी सोग्द्यांनी आणखी पश्चिमेकडून उचलली होती. "एवढ्याशा गोलात तीन देश आहेत," काका म्हणायचे, "आणि पडेगावची माती धरली तर चार." ती माती भोकाच्या कोपऱ्यांत आणि अक्षरांच्या खाचांत घट्ट बसलेली होती. नाणं काकूंच्या कुंकवाच्या लाकडी करंड्यात राहायचं. दर रविवारी सोनाराच्या काट्यावर त्याचं वजन व्हायचं. शेवटचं हलकं वजन बघायला काका गुंजेच्या लालकाळ्या बिया वापरायचे. "ग्रॅम सरकारचा, गुंज आपली."

शहरात इतिहासाची आवड असणाऱ्यांचं एक मंडळ होतं. त्यांच्यापुढं काकांनी या नाण्याचा विषय तीनदा काढला होता. सोग्दी नाणं पडेगावच्या मातीत होतं, म्हणजे समरकंदच्या वाटेचा एक धागा आपल्या दारावरून गेला होता, असं अकरा पानांचं टिपण त्यांनी लिहिलं होतं. दरवर्षी ते पुन्हा कोऱ्या कागदांवर उतरवायचे, आणि दरवर्षी ते मंडळाच्या वार्षिक अंकात यायचं राहायचं. अध्यक्ष निवृत्त वकील होते. "अहो, काटे तपासणं वेगळं आणि इतिहास वेगळा," ते सगळ्यांदेखत म्हणाले होते. काका घरी येऊन हे मला हसत हसत सांगायचे. पण त्या दिवशी वाटी वर यायची नाही.

मग एका वर्षी दसऱ्याच्या सुमाराला बातमी आली की पुण्याच्या एक नाणेतज्ज्ञ बाई वेरूळला जाताना एक दिवस आपल्या शहरात थांबणार आहेत. मध्य आशियाची नाणी हाच त्यांचा विषय. काकांनी त्यांना पत्र घातलं आणि उत्तर आलं: दसऱ्याच्या दिवशी सकाळी घरी येते, नाणं बघते, मातीसकट असेल तर फारच उत्तम. हे शेवटचं वाक्य काकांनी मला वाचून दाखवलं नाही. पत्र मी वाचलं ते फार नंतर.

त्याच आठवड्यात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. एका दिवसात सोडतात, पण साखर वाढलेली निघाली म्हणून दोन दिवस ठेवून घेतलं. नवमीच्या आदल्या दिवशी दवाखान्यात डबा घेऊन गेले तर डोळ्यावर पट्टी, आणि जीव सगळा घरात.

"परभणी, उद्या खंडेनवमी. काटे पूजेला मांडून ठेव. वजनं फक्त कोरड्या फडक्यानं पूस, घासू नको, घासली की वजन जातं. आणि करंड्यातलं नाणंही मांड. परवा बाई येणार आहेत, आपलं सगळं नीट दिसू दे."

वजनांचं त्यांनी सांगितलं. नाण्याचं सांगायचं राहिलं. बहुतेक त्यांना वाटलंच नाही की हे कुणाला सांगावं लागेल.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझे वडील भिक्षुकी करायचे. आमच्या घरी ताम्हन काळं दिसलं तर ते पूजेला बसत नसत, तसेच उठून जात. पळी, पंचपात्री, ताम्हन, समया, सगळं चिंचेनं घासायचं काम माझं. सात वर्षांची असल्यापासून. आई म्हणायची, हिच्या हाताला तांबं लकाकतं. आणि हिरवं दिसलं की तो कळंक, तो पोटात गेला तर विष, हेही तेव्हाच डोक्यात बसलेलं. आमच्या घरात चकाकी म्हणजे भक्ती होती. दुसरं काही असू शकतं हे मला सव्वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

मी वजनं कोरड्या फडक्यानं पुसली. अगदी सांगितल्याबरहुकूम. मग करंडा उघडला. ते हिरवं, मातकट नाणं पाहिलं आणि मला काकांची दया आली. एवढी मोठी बाई पुण्याहून येणार आणि तिच्यापुढं हे असं ठेवणार? चिंच भिजत घातली, मीठ घेतलं. जुन्या दातांच्या ब्रशनं अक्षरांच्या खाचा घासल्या. भोकाच्या कोपऱ्यातली माती निघेना तर सुई घेतली. तासभर लागला. शेवटी ते असं लकाकलं की मला आईची आठवण आली. मातीचं पाणी टाकून कसं द्यायचं म्हणून मी ते तुळशीला घातलं.

नवमीला दुपारी काका रिक्षातून आले. काळा चष्मा, एक डोळा झाकलेला. मी दार उघडलं आणि त्यांना हात धरून देवघरापाशी नेलं. शाबासकी हवी होती मला, दुसरं काय!

ते बघत राहिले. उघड्या डोळ्यानं बराच वेळ. मग सोनाराचा काटा जवळ ओढला, नाणं पारड्यात ठेवलं, नेहमीची वजनं दुसऱ्या पारड्यात. नाण्याचं पारडं वर गेलं. त्यांनी वजनांच्या बाजूची एक गुंज उचलली. काटा सरळ झाला.

"एक गुंज गेलं," ते म्हणाले.

"मळ होता काका."

"हो."

तेवढ्या 'हो'नंच मला कळलं. काय चुकलं ते कळलं नव्हतं, पण फार मोठं काहीतरी चुकलं एवढं कळलं. मी विचारत राहिले आणि त्यांनी हळूहळू सांगितलं. तो हिरवा थर तेरा शतकांचा होता. खाचांमधली माती हाच त्यांच्या अकरा पानांचा पुरावा होता. त्या मातीवरूनच बाई काही सांगू शकणार होत्या. सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही, आणि तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. मी रडायला लागले. माती कुठं गेली असं त्यांनी विचारलं, मी तुळशीकडं बोट दाखवलं. ते उठले, तुळशीपाशी जाऊन उभे राहिले.

"पडेगाव पुंडलिकनगरात आलं म्हणायचं," ते म्हणाले. मग वळून म्हणाले, "जेवलीस का, परभणी? मी तुला वजनांचं सांगितलं, याचं सांगितलं नाही. चूक निरीक्षकाची."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. त्यांच्याबरोबर मंडळाचे वकीलसाहेब आणि आणखी तिघं. मी चहा घेऊन दारात उभी होते. बाईंनी भिंग लावलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हे कुणी घासलं?"

मी तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगते. पण काका माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी. काल खंडेनवमी होती. चिंच लावली."

वकीलसाहेब हसले. बाकीचे तिघंही हसले. "अहो, पस्तीस वर्षं वजनं घासू नका म्हणून लोकांना दंड केलात, आणि नाण्याला चिंच?" काकाही हसले. बाई हसल्या नाहीत. त्या फार सभ्यपणे म्हणाल्या की नाणं खरं आहे, सोग्दीच आहे, समरकंदकडचंच. पण ते कुठल्या जमिनीत होतं, केव्हापासून होतं, की गेल्या पन्नास वर्षांत कुणी खिशातून आणलं, हे आता सांगता येणार नाही. "फार वाईट वाटतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाटत होतं. काकांनी अकरा पानं त्यांच्यापुढं ठेवलीच नाहीत.

ते लोक गेल्यावर मी म्हटलं, "काका, मी सांगते त्यांना. आत्ता जाते."

"बस गप," ते म्हणाले. चार वर्षांत एवढं एकदाच ते माझ्यावर ओरडले. "तुझी उमर काय, माझी काय? मला येडा म्हणायची त्यांना सवय आहे."

त्यानंतर करंडा रिकामा दिसला. मी विचारलं तर म्हणाले, "परत दिलं." कुणाला, ते सांगितलं नाही, आणि विचारायचं माझं धाडस झालं नाही. मंडळात त्यांना 'चिंचवाले' म्हणू लागले. हे नाव त्यांच्या कानावर आलं होतं. रविवारी ते सोनाराचा काटा पुसायचे आणि रिकामाच ठेवायचे.

वर्षभरानं माझं लग्न ठरलं, नोकरी नाशिकला मिळाली. निघायच्या दिवशी त्यांनी माझी बॅग काट्यावर ठेवली. "तेवीस किलो चारशे. म्हणजे इथून काहीतरी घेऊन चाललीस." वाटी माझ्याकडंच राहिली होती. ती भरून द्यायला परत येईन, असं मी म्हणाले. दिवाळीला मी फोन करायचे. फोनवर ते नवऱ्याला नाशिक म्हणायचे आणि मला परभणीच. वाटी काही माझ्याकडून परत गेली नाही.

गेल्या महिन्यात काका गेले. झोपेतच. मंडळानं शोकसभा ठेवली म्हणून मी संभाजीनगरला गेले. सभेत वकीलसाहेब बोलले, बरं बोलले. त्यांनी काकांच्या काट्यांचं सांगितलं, डिंकाचं सांगितलं. आणि मग चिंचेचं सांगितलं. सभागृहात हशा झाला. प्रेमळच हशा होता. ते म्हणाले की अंकात येणाऱ्या श्रद्धांजलीच्या लेखात हा किस्सा घेतला आहे, कारण त्यात सगळे काका आहेत. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. खुर्चीचे हात धरले आणि बसून राहिले. उठले नाही. या वाक्याला माझ्याकडं काही सबब नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाशिकहून बरोबर आणलेली ती वाटी शेंगदाण्याच्या लाडवांनी भरली आणि रिक्षानं पडेगावला गेले. परत देण्यासारखं दुसरं घर उरलं नव्हतं, आणि ते नाणं कुणाला दिलं असेल याचा मला अंदाज होता. रस्त्याच्या कडेला नवे प्लॉट पडलेत, पण माळावर शेळ्या होत्या. आधी घंटीचा आवाज आला, मग म्हातारी दिसली. फार थकली होती, पण बसल्या जागेवरून शेळ्यांवर लक्ष होतं.

मी काकांचं सांगितलं. काटेवाले साहेब गेले म्हटलं.

"गेले व्हय?" ती म्हणाली. पदर तोंडाला लावला. "लई येत हुते इकडं. येताना काय ना काय आणायचे. म्या बी रिकामं धाडलं नाय कधी."

"ते नाणं?"

तिनं काठीनं दाखवलं. एका काळ्या शेळीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ते होतं. मी जवळ जाऊन हातात घेतलं. लकाकी गेली होती. तपकिरी झालं होतं, आणि भोकाच्या एका कोपऱ्यात पुन्हा थोडी माती बसली होती. मी नखानं ती उकरणार होते, हात तसाच मागं घेतला.

"घासू नगं गं!" म्हातारी ओरडली. "साह्यबांनी बजावलंय. म्हणले, माझ्या लेकीनं येकदा घासलंय, लई मायेनं घासलंय. आता परत कुनी घासायचं नाय. बसू द्या त्याच्यावर काय बसायचं त्ये."

मी शेळीला सोडून तिच्यापाशी येऊन बसले.

"लेक कुठली म्हणून म्या इचारलं," ती पुढं म्हणाली. "म्या म्हणलं, तुमाला तर लेकरूच नाय. तर म्हणले, हाय की, परभणीची हाय."

चार वर्षं मी ज्यांच्या घरात राहिले, ज्यांनी मला गावाच्या नावापलीकडं कधी हाक मारली नाही, ते माझ्याविषयी शेळ्यांमागच्या एका बाईशी असं बोलले होते. आणि मी सभेत उठले नव्हते.

"आजी, मीच ती," मी म्हटलं. "मी घासलं."

"व्हय का," ती म्हणाली. तिनं माझे दोन्ही हात धरून उलटेसुलटे करून बघितले, जणू काही ते तिनं ऐकलेले हात आहेत का याची खात्री करत होती. मग लाडू पदरात ओतून घेतले, वाटीवरचं काकूंचं नाव अंगठ्यानं पुसलं आणि कमरेच्या पिशवीतल्या ओल्या शेंगा तिच्यात गच्च भरून वाटी माझ्या हातात दिली.

रस्त्यावर येऊन मी वकीलसाहेबांना फोन लावला. अंक छपाईला गेला का विचारलं. नाही, आज जाणार म्हणाले. मी म्हटलं, चिंचेचा किस्सा चुकीचा आहे. ते नाणं काकांनी घासलं नव्हतं, मी घासलं होतं.

"बाई, आता माणूसच गेला," ते म्हणाले. "आता काय फरक पडतो?"

"एका गुंजेचा," मी म्हटलं. "लिहून घ्या."